आडवी वाढ, उभी वाढ

त्वचेवरचा काळा डाग केवढा रुंद आहे हे डोळ्यांना दिसते. तो किती खोल उतरला आहे हे दिसत नाही. मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरात रोग्याचे पुढे काय होणार, हे बहुतांशी या न दिसणाऱ्या मापावर ठरते. दोन सेंटिमीटर रुंद पसरलेला, पण जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असा मेलॅनोमा नीट कापून काढला, तर तो रोगी बहुधा त्या आजारातून कायमचा सुटतो. अर्धाच सेंटिमीटर रुंद, पण चार-पाच मिलिमीटर जाड असलेली गाठ कितीही स्वच्छ कापली, तरी तशी खात्री देता येत नाही.

हे कळायला १९७० साल उजाडावे लागले. वॉशिंग्टनच्या जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात ॲलेक्झांडर ब्रेस्लो नावाचे पॅथॉलॉजिस्ट होते. त्यांनी ९८ रोग्यांच्या कापून काढलेल्या मेलॅनोमांच्या काचपट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली घेतल्या, भिंगात बसवलेल्या मोजपट्टीने प्रत्येकाची वरपासून तळापर्यंतची जाडी मोजली आणि ते आकडे रोग्यांच्या पुढच्या पाच वर्षांशी ताडून पाहिले. ज्यांचा मेलॅनोमा ०.७६ मिलिमीटरपेक्षा पातळ होता, त्यांच्यापैकी एकाचाही रोग उलटला नव्हता किंवा पसरला नव्हता. आज जगभर मेलॅनोमाच्या प्रत्येक अहवालात ‘ब्रेस्लो जाडी’ हा आकडा असतो. आजूबाजूची त्वचा किती सेंटिमीटर काढायची, जांघेतल्या किंवा काखेतल्या लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) तपासायच्या की नाही, हे सगळे त्यावरून ठरते. कोणतेही महागडे यंत्र न वापरता, केवळ चिकाटीने केलेले हे मोजमाप मला कॅन्सरशास्त्रातल्या मोठ्या कामांपैकी एक वाटते.

सध्याच्या वर्गीकरणात ०.८ मिलिमीटरपेक्षा पातळ आणि वरून न चिघळलेला मेलॅनोमा सर्वांत कमी धोक्याचा मानतात. अशा रोग्यांपैकी सुमारे ९८ टक्के दहा वर्षांनंतरही या आजाराने दगावलेले नसतात. चार मिलिमीटरपेक्षा जाड आणि चिघळलेल्या गाठीत, लसिकाग्रंथी स्वच्छ असल्या तरी, हे प्रमाण ७५ टक्क्यांवर येते. ग्रंथींत रोग शिरला असेल तर ते आणखी घसरते. मिलिमीटरभराच्या आत एवढे काय घडते, हे समजायचे तर आधी त्वचेची रचना पाहायला हवी.

आपली बाह्यत्वचा शरीराच्या बहुतेक भागावर साधारण एक दशांश मिलिमीटर जाड असते. तिच्यात एकही रक्तवाहिनी नाही आणि एकही लसिकावाहिनी नाही. तिच्या तळाशी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असे एक पटल असते. त्याला तळपटल म्हणू. त्याच्या खाली अंतस्त्वचा सुरू होते आणि केसाहून बारीक रक्तवाहिन्या व लसिकावाहिन्या तिथे असतात. म्हणजे जोवर कॅन्सरच्या पेशी तळपटलाच्या वर आहेत, तोवर त्यांना शरीरात दुसरीकडे जायला रस्ताच नाही. या अवस्थेतला मेलॅनोमा काढला की विषय संपतो. तळपटल ओलांडले की रस्ते लागतात, आणि जितके खोल जावे तितके ते रुंद आणि संख्येने जास्त होतात.

तळपटलावर, बाह्यत्वचेच्या सर्वांत खालच्या थरात, रंगपेशी बसलेल्या असतात. मेलॅनिन हे रंगद्रव्य त्या तयार करतात आणि आपल्या लांब फांद्यांमधून आसपासच्या तीस-चाळीस त्वचापेशींना त्याचे कण पुरवतात. हे कण त्वचापेशीच्या केंद्रकावर छत्र धरतात आणि अतिनील किरणांपासून तिच्या डीएनएचे रक्षण करतात. सावळ्या त्वचेत रंगपेशींची संख्या गोऱ्या त्वचेइतकीच असते. त्यांचे उत्पादन मात्र जास्त असते.

या पेशींचा पूर्वेतिहास महत्त्वाचा आहे. त्या मुळात त्वचेच्या नाहीत. गर्भात मज्जासंस्थेची नळी घडत असते, तेव्हा तिच्या कडेच्या पेशींचा एक समूह सुटा होतो आणि ऊतींमधून वाट काढत पाठीकडून पोटाकडे, हातापायांच्या टोकांपर्यंत सरकत जातो. त्यातल्या काही पेशी चेतापेशी होतात, काही चेहऱ्याची हाडे घडवतात आणि काही त्वचेत पोचून रंगपेशी होतात. स्थिरावल्यानंतर शेजारच्या त्वचापेशी त्यांना ई-कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाने धरून ठेवतात. किती वाढायचे, कुठे थांबायचे हे बरेचसे या शेजारावर अवलंबून असते. गर्भावस्थेतले ते स्थलांतर घडवणारी जनुके रंगपेशीत पुसली गेलेली नसतात, फक्त बंद असतात. मेलॅनोमा एवढ्या लहान आकारातही दूर पसरू शकतो, त्याचे एक कारण इथे आहे असे बरेच संशोधक मानतात आणि मला ते पटते.

आता सुरुवातीकडे वळू. २००२ साली इंग्लंडच्या सँगर संस्थेतल्या गटाने दाखवले की मेलॅनोमात ‘बीआरएएफ’ नावाच्या जनुकात वारंवार एकच बिघाड सापडतो. या जनुकाच्या प्रथिनात ६००व्या जागेवर व्हॅलिनऐवजी ग्लुटामिक आम्ल येते आणि पेशीला ‘विभाजन कर’ असा संदेश अखंड मिळू लागतो. त्वचेच्या जवळपास निम्म्या मेलॅनोमांत हा बिघाड असतो. पुढच्याच वर्षी एक चक्रावून टाकणारी गोष्ट समोर आली. अगदी निरुपद्रवी तिळांतही बहुसंख्य वेळा हाच बिघाड असतो. अंगावरच्या दहा-वीस तिळांपैकी कित्येकांत कॅन्सरचे पहिले पाऊल पडून गेलेले असते आणि माणूस ऐंशी वर्षे सुखाने जगतो!

कारण बिघडलेल्या रंगपेशी काही काळ विभागतात, चिमुकला तीळ तयार होतो आणि मग त्या थांबतात. त्यांना थांबवण्यात पी-१६ या प्रथिनाचा मोठा हात आहे. हा थांबा कायमचा असतो की काही पेशी पुन्हा जाग्या होऊ शकतात, यावर अजून वाद आहे. एवढे मात्र नक्की की तिळाचा मेलॅनोमा व्हायला आणखी काही बिघाड लागतात. २०१५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी ३७ मेलॅनोमा आणि त्यांना लागूनच असलेले मूळ तीळ किंवा पूर्वावस्था यांची जनुके शेजारी शेजारी ठेवून वाचली. त्यातून बिघाडांचा क्रम दिसला. बीआरएएफ किंवा एनआरएएस या जनुकातला बिघाड पहिला. त्यानंतर बऱ्याच लवकर ‘टर्ट’ या जनुकाच्या नियंत्रक भागातला बदल येतो. गुणसूत्रांची टोके प्रत्येक विभाजनात झिजत जातात, ती झीज या बदलामुळे भरून निघू लागते आणि पेशीला विभाजनाची मर्यादा उरत नाही. पी-१६ तयार करणारे सीडीकेएन-टू-ए हे जनुक दोन्ही प्रतींतून नाहीसे झालेले मुख्यतः खोल शिरलेल्या मेलॅनोमांतच आढळले. पीटेन आणि पी-५३ या जनुकांचे बिघाड आणखी पुढच्या टप्प्यावरचे. उन्हाला सामोऱ्या जाणाऱ्या त्वचेतल्या या बिघाडांवर अतिनील किरणांची ओळखू येणारी छापही होती.

तरी प्रत्येक मेलॅनोमा तिळातूनच येतो असे नाही. साधारण तीस टक्के मेलॅनोमा जुन्या तिळात उगवतात. बाकीचे आधी काहीच नसलेल्या त्वचेत. म्हणून अंगावरचे सगळे तीळ ‘सुरक्षितता म्हणून’ काढून टाकण्यात काही अर्थ नाही. काही घराण्यांत मात्र तिळांची संख्या आणि मेलॅनोमा दोन्ही वारशाने येतात. इंग्लंडमधल्या स्टावरब्रिज गावचे डॉक्टर विल्यम नॉरिस यांनी १८२० सालीच एका रोग्याचे वर्णन करताना, त्याच्या वडिलांचा मृत्यूही तशाच आजाराने झाला होता आणि कुटुंबात अनेकांना खूप तीळ होते, हे टिपून ठेवले होते. जनुक हा शब्दसुद्धा जन्माला आलेला नव्हता तेव्हाची ही नोंद आहे.

पहिल्या टप्प्यात मेलॅनोमा आडवा वाढतो. अमेरिकी पॅथॉलॉजिस्ट वॉलेस क्लार्क यांनी १९६९च्या सुमारास आडवी वाढ आणि उभी वाढ हा फरक नेमका मांडला आणि माझ्या मते या रोगाची सगळी समज त्यावर उभी आहे. आडव्या वाढीत पेशी बाह्यत्वचेतच कडेकडेने सरकतात. डाग वेडावाकडा होतो, कडा नकाशासारख्या तुटक होतात, एकाच डागात तपकिरी, काळा, निळसर, कधी पांढुरका रंग दिसतो. दोन्ही बाजू सारख्या नसणे, कडा ओबडधोबड असणे, अनेक रंग, सहा मिलिमीटरपेक्षा मोठा व्यास आणि सतत होणारा बदल, या ज्या खुणा डॉक्टर सांगतात त्या मुख्यतः याच टप्प्याच्या आहेत. या काळात काही पेशी तळपटल ओलांडून अंतस्त्वचेच्या वरच्या भागात उतरतातही, पण तिथे त्यांना फारसे विभागता येत नाही. हा टप्पा महिने-वर्षे चालतो. म्हाताऱ्या माणसांच्या उन्हाने रापलेल्या चेहऱ्यावर येणाऱ्या एका प्रकारात तर तो दशकभरही चालू शकतो. निसर्गाने रोग ओळखायला इतका लांब अवधी फार थोड्या कॅन्सरांत दिला आहे.

उभी वाढ सुरू झाली हे ओळखायची पॅथॉलॉजिस्टची खूण अशी आहे की अंतस्त्वचेतला पेशींचा पुंजका वरच्या पुंजक्यांपेक्षा मोठा असतो, किंवा अंतस्त्वचेत विभागणाऱ्या पेशी दिसतात. बाहेरून पाहणाऱ्याला सपाट डागात एखादा उंचवटा आलेला दिसतो. आत बरेच काही बदललेले असते. पेशीच्या पृष्ठभागावरचे ई-कॅडहेरिन जाते आणि एन-कॅडहेरिन येते. त्वचापेशींशी नाते तुटते; उलट अंतस्त्वचेतल्या तंतुपेशींना आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तराला चिकटणे जमू लागते. तळपटलाचे कोलॅजन विरघळवणारी विकरे पेशी स्रवते. लसिकावाहिन्यांना फुटवे फोडायला लावणारे वाढघटकही ती सोडते. गर्भात स्थलांतराच्या वेळी चालू असलेली काही जनुके पुन्हा चालू होतात.

यात एक बारकावा आहे. मेलॅनोमाच्या पेशी एकदाच आक्रमक होऊन तशाच राहत नाहीत. एमआयटीएफ नावाचे नियंत्रक प्रथिन भरपूर असते तेव्हा पेशी भराभर विभागतात पण फारशा हलत नाहीत. ते कमी झाले की विभाजन मंदावते आणि पेशी सरकू लागतात. नव्या जागी पोचल्यावर त्या पुन्हा वाढीच्या अवस्थेत येऊ शकतात. हे बदल जनुक न बिघडताही होतात, म्हणून उलटेही होतात. मेलॅनोमावरची काही औषधे थोड्याच महिन्यांत निष्प्रभ होतात, त्यामागे हे रूप बदलणेही आहे.

सगळेच मेलॅनोमा आडव्या वाढीची सवलत देत नाहीत. गाठीच्या स्वरूपातला एक प्रकार जवळजवळ सुरुवातीपासूनच उभा वाढतो. काही आठवड्यांत वर आलेली, टणक, वाढतच जाणारी गाठ एवढेच त्याचे लक्षण असते. कधी ती काळीही नसते, गुलाबी असते. आणि पातळ मेलॅनोमा म्हणजे शंभर टक्के अभय, असेही नाही. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात या रोगाचे प्रमाण जगात सर्वाधिक समजले जाते. तिथल्या नोंदी पाहिल्या तर चार मिलिमीटरपेक्षा जाड मेलॅनोमांपेक्षा एक मिलिमीटरपर्यंतच्या पातळ मेलॅनोमांनी झालेले मृत्यू संख्येने जास्त आहेत. प्रत्येक पातळ मेलॅनोमाचा धोका अगदी थोडा, पण असे रोगी खूप, म्हणून एकूण बेरीज मोठी.

अंतस्त्वचेत उतरलेल्या पेशीला दोन वाटा असतात. लसिकावाहिन्यांच्या भिंती पातळ आणि सैल, म्हणून ती वाट बहुधा आधी सापडते. काही पेशी मूळ जागेच्या आसपासच अडकतात आणि तिथे नवे काळे ठिपके उगवतात. काही पेशी जवळच्या लसिकाग्रंथींत पोचतात. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते हे आपल्याकडे घराघरांत ठाऊक असते. पायातला लसिकारस जांघेतल्या ग्रंथींत गाळला जातो, हाताचा काखेत. १९९२ साली कॅलिफोर्नियातले शल्यचिकित्सक डोनाल्ड मॉर्टन यांनी मेलॅनोमाच्या जागी निळा रंग टोचून तो सर्वांत आधी कोणत्या ग्रंथीत जातो ते पाहिले. ती पहिली ग्रंथी स्वच्छ असेल तर पुढच्याही बहुधा स्वच्छ असतात. एकच गाठ काढून तपासण्याची ही पद्धत आता सर्वत्र वापरतात. तिच्यात रोग सापडला तर उरलेल्या सगळ्या गाठी काढून टाकायच्या, असा नियम बराच काळ होता. पण २०१७ साली जाहीर झालेल्या मोठ्या चाचणीत, सगळ्या गाठी काढलेले रोगी न काढलेल्यांपेक्षा जास्त जगले नाहीत. पाय सुजणे मात्र त्यांच्या वाट्याला जास्त आले. ग्रंथीत रोग पोचला तेव्हा काहींमध्ये तो दुसऱ्या वाटेनेही निघालेला असतो, हा त्याचा अर्थ.

ती दुसरी वाट रक्ताची, आणि तिथे मेलॅनोमाच्या पेशींचे हाल होतात. आयझाया फिडलर या अमेरिकी संशोधकाने १९७० साली किरणोत्सारी खूण केलेल्या मेलॅनोमाच्या पेशी उंदरांच्या रक्तात सोडल्या. दिवसभरातच शंभरात एकाहूनही कमी पेशी जिवंत उरल्या. रक्ताच्या धक्क्यांनी पेशी फुटतात, प्रतिकारपेशी त्यांना गाठतात, आणि रक्तातल्या ऑक्सिजनमुळे त्यांच्या आवरणातली मेदद्रव्ये जळतात. डॅलसच्या संशोधकांनी २०२० साली दाखवले की लसिकारसात हे जळणे कमी होते. लसिकेतून आलेल्या पेशी आपल्या आवरणात संरक्षक मेदाम्ल साठवून मग रक्तात उतरल्या तर जास्त टिकतात. ग्रंथींची वाट आधी का, याचे हे एक सुंदर उत्तर आहे. याला एक काळजीची बाजूही आहे. ऑक्सिजनच्या माऱ्यापासून वाचवणारी अँटिऑक्सिडंट द्रव्ये दिल्यावर उंदरांमधला मेलॅनोमा जास्त पसरल्याचे दोन वेगळ्या प्रयोगशाळांना आढळले. माणसांबद्दल यावरून निर्णय देता येत नाही. पण मेलॅनोमा झालेल्या माणसाला ‘ताकदीच्या’ म्हणून अशा गोळ्या डॉक्टरांना न विचारता देऊ नयेत, असे मी नक्की म्हणेन.

फिडलर आणि मार्गारेट क्रिपके यांनी १९७७ साली आणखी एक प्रश्न सोडवला. ज्या थोड्या पेशी तगतात त्या निव्वळ नशिबाने, की त्यांच्यात आधीपासूनच काही वेगळे असते? त्यांनी एकाच मेलॅनोमातल्या एकेका पेशीपासून स्वतंत्र वंश वाढवले आणि उंदरांत सोडले. काही वंशांनी फुप्फुसांत ढीगभर गाठी केल्या, काहींनी जवळजवळ एकही नाही. म्हणजे मूळ गाठीतच निरनिराळ्या कुवतीच्या पेशी होत्या. गाठ जितकी जुनी आणि जाड, तितके असे वंश तिच्यात तयार होण्याची शक्यता जास्त. ब्रेस्लोंच्या आकड्यामागचे आणखी एक कारण हे.

पेशी पोचते म्हणून रुजतेच असेही नाही. लंडनचे शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासून म्हटले होते की बी चहूकडे पडते, पण उगवते ते मानवणाऱ्या जमिनीतच. हे म्हणणे बराच काळ मागे पडले होते. फिडलर आणि त्यांचे सहकारी इयन हार्ट यांनी १९८० साली ते मेलॅनोमावरच पारखले. उंदरांच्या स्नायूत फुप्फुसाचा, अंडाशयाचा आणि मूत्रपिंडाचा तुकडा बसवला आणि रक्तात मेलॅनोमाच्या पेशी सोडल्या. फुप्फुसाच्या आणि अंडाशयाच्या तुकड्यांत गाठी उगवल्या. मूत्रपिंडाच्या तुकड्यात नाही. माणसांत त्वचेचा मेलॅनोमा दूरची त्वचा, फुप्फुस, यकृत, मेंदू, हाडे, लहान आतडे इथे रुजतो. मेंदूत गेलेला रोग आवरायला सर्वांत अवघड, म्हणून वर्गीकरणात त्याला शेवटचा वेगळा गट दिला आहे.

काही पेशी पोचतात आणि वर्षानुवर्षे गप्प बसतात. स्कॉटलंडमधली एक घटना २००३ साली प्रसिद्ध झाली. मेंदूतल्या रक्तस्रावाने मृत्यू झाला असे समजलेल्या एका व्यक्तीची दोन मूत्रपिंडे दोन रुग्णांना बसवली होती. काही काळाने दोघांनाही मेलॅनोमा झाला. चौकशीत कळले की दात्याचा मेलॅनोमा सोळा वर्षांपूर्वी काढलेला होता आणि ती व्यक्ती बरी झाली असे सगळे धरून चालले होते. सोळा वर्षे त्या पेशी तिच्या शरीरात होत्या आणि तिची प्रतिकारशक्ती त्यांना दाबून होती. नव्या शरीरांत, मूत्रपिंड नाकारले जाऊ नये म्हणून, प्रतिकारशक्ती औषधांनी कमी केलेली होती. तिथे त्या वाढल्या. मेलॅनोमाच्या रोग्याला दहा वर्षांनंतरही तपासणीला बोलावतात ते यासाठी.

मेलॅनोमाला प्रतिकारशक्ती रोखू शकते, या जाणिवेतूनच गेल्या काही वर्षांतला सर्वांत मोठा बदल घडला. २०११पूर्वी दूर पसरलेल्या मेलॅनोमाचे निम्म्याहून अधिक रोगी वर्षभरात दगावत. त्या वर्षी अमेरिकेत इपिलिमुमॅबला मान्यता मिळाली. कॅन्सरवर चालून जाणाऱ्या टी-पेशी या प्रतिकारपेशींना आवरणारे एक नियंत्रण हे औषध काढून घेते. अशी नियंत्रणे काढून घेण्यामागच्या संशोधनासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८चे नोबेल मिळाले. इपिलिमुमॅब आणि त्याच जातीचे निवोलुमॅब एकत्र दिलेल्या रोग्यांपैकी ४३ टक्के दहा वर्षांनी जिवंत होते. या उपचारात काही रोग्यांच्या अंगावर कोड उठते, कारण जाग्या झालेल्या टी-पेशी निरोगी रंगपेशींवरही तुटून पडतात. ज्यांना असे कोड येते त्यांच्यात औषध जास्त चांगले चालल्याचे आढळते. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या यकृतात आणि मेंदूत मेलॅनोमा पसरल्याचे २०१५ साली, त्यांच्या वयाच्या नव्वदीत कळले. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि याच जातीचे पेंब्रोलिझुमॅब हे औषध घेऊन ते त्यानंतर नऊ वर्षे जगले, शंभरी पूर्ण करून २०२४ साली वारले. पण उरलेल्या निम्म्याहून अधिक रोग्यांसाठी हे पुरत नाही. औषधे अतिशय महाग आहेत, त्यांचे दुष्परिणाम गंभीर असू शकतात, आणि ज्या प्रकारचा मेलॅनोमा आपल्याकडे ठळकपणे दिसतो त्यावर ती कमी चालतात.

तो प्रकार तळपायाचा, तळहाताचा आणि नखाखालचा. भारतात मेलॅनोमा दुर्मीळ आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये दरवर्षी लाखात पस्तीसच्या आसपास, तर आपल्याकडे लाखात एकाहूनही कमी. आपल्या त्वचेतले मेलॅनिन उन्हापासून वाचवते. पण तळपायावर मुळात ऊनच पडत नाही, तिथला मेलॅनोमा उन्हाने होत नाही आणि त्यात सावळ्या रंगाचा काही उपयोग नाही. त्यातले जनुकांचे बिघाडही वेगळे आहेत: बीआरएएफचा बिघाड कमी, ‘किट’सारख्या जनुकांचे बिघाड आणि गुणसूत्रांच्या मोठ्या तुकड्यांची उलथापालथ जास्त. जमैकाचे गायक बॉब मार्ली यांना झालेला हाच. १९७७ साली फुटबॉल खेळताना दुखावलेला पायाचा अंगठा बरा होईना, तेव्हा नखाखाली मेलॅनोमा सापडला. अंगठा काढून टाकण्याचा सल्ला त्यांनी धार्मिक श्रद्धेमुळे मानला नाही. नख आणि नखाखालचा भाग काढून तिथे त्वचा बसवली. सप्टेंबर १९८०मध्ये न्यूयॉर्कला धावताना ते कोसळले. रोग मेंदूत गेला होता. ११ मे १९८१ रोजी ते गेले, वय ३६. इजेमुळे मेलॅनोमा होतो हे सिद्ध झालेले नाही. इजा झाली म्हणून लक्ष गेले, असे पुष्कळदा घडते.

आपल्याकडे लक्ष जाते ते फार उशिरा. तळपायाचा काळा चट्टा कोणी पाहत नाही. पाहिला तर काटा मोडला असेल, कुरूप असेल, ठेच लागून रक्त साकळले असेल असे वाटते. चिघळला की मधुमेहाची जखम समजून महिनोन्‌महिने पट्ट्या बांधल्या जातात. अंगठ्याच्या नखाखाली असेल तर नखुर्डे म्हणून औषध होते. जांघेत गाठ लागते तेव्हा माणूस मोठ्या दवाखान्यात पोचतो, आणि तोवर उभी वाढ होऊन गेलेली असते. मस आणि चामखीळ घालवायला घोड्याचा केस बांधणे, चुना नि सोडा लावून जाळणे हे प्रकार अजून चालतात. डाग मेलॅनोमाचा असेल तर वरचा भाग जळतो, खालचा वाढत राहतो, आणि जाडी मोजायची एकमेव संधी जाते. दुसरीकडे सुरी लागली की कॅन्सर पसरतो, ही भीती आहे. बायोप्सीमुळे मेलॅनोमा पसरतो असे अभ्यासांत आढळलेले नाही. त्या भीतीने गेलेले महिने मात्र खरोखर जीव घेतात.

घाबरण्यासारखे काय नाही, तेही सांगायला हवे. सावळ्या माणसांच्या अनेक नखांवर तपकिरी उभ्या रेघा असतात. त्या बहुधा निरुपद्रवी. प्रौढ वयात एकाच नखावर नवी रेघ आली, ती रुंद होत गेली आणि नखाभोवतीच्या कातडीवरही काळेपणा उतरला, तर ती धोक्याची खूण. तळपायाच्या डागात त्वचातज्ज्ञ डर्मोस्कोप हे भिंग लावून पाहतात: रंग त्वचेच्या रेषांमधल्या खाचांत असेल तर तो बहुधा साधा तीळ, उंचवट्यांवर असेल तर मेलॅनोमाचा संशय. पाच मिनिटांची, न दुखणारी तपासणी आहे ही.

तेव्हा महिन्यातून एकदा स्वतःचे तळपाय, बोटांच्या बेचक्या आणि नखे नीट पाहा. घरातल्या ज्यांना वाकता येत नाही, त्यांचेही पाय हातात घेऊन पाहा. नवा किंवा बदलणारा काळा डाग, सहा-आठ आठवड्यांत न भरलेली जखम किंवा वाढतच जाणारी गाठ दिसली, तर त्वचातज्ज्ञाकडे जा. ती जाळू नका, बांधू नका. कापून काढलेला तुकडा पॅथॉलॉजी तपासणीला गेलाच पाहिजे असा आग्रह धरा, आणि अहवाल मेलॅनोमाचा आला तर त्यात जाडी किती मिलिमीटर लिहिली आहे, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय उठू नका.